फ्रेड बेअर

फ्रेड बेअर (जन्म : ५ मार्च, १९०२, वेन्सबरो, पेन्सिल्व्हेनिया, मृत्यू : २७ एप्रिल, १९८८, गेन्सव्हिल, फ्लोरिडा) हे अमेरिकन धनुष्यकार, धनुर्धर, शिकारी, उद्योजक आणि लेखक होते. लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि काचतंतूंचे थर एकमेकांस चिकटवून केलेले धनुष्य कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करून सामान्य माणसाच्या हाती पोहोचविणाऱ्यांमध्ये त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. डेट्रॉइट येथील घराच्या तळघरात छंद म्हणून सुरू झालेल्या त्यांच्या कामातून ‘बेअर आर्चरी’ ही कंपनी उभी राहिली. धनुष्यबाणाने शिकार करण्याच्या क्रीडाप्रकाराचा विसाव्या शतकात अमेरिकेत जो प्रसार झाला, त्यातही त्यांचा वाटा मोठा होता.

बालपण आणि नोकरी

बेअर यांचे बालपण पेन्सिल्व्हेनियातील कंबर्लंड खोऱ्याच्या ग्रामीण परिसरात गेले. वडील यंत्रकारागीर होते आणि त्यांना शिकारीची आवड होती. हत्यारे हाताळण्याची सवय आणि रानाची ओढ या दोन्ही गोष्टी बेअर यांना घरातूनच मिळाल्या. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९२३ मध्ये, ते मोटारउद्योगाचे केंद्र म्हणून भरभराटीस येत असलेल्या डेट्रॉइट शहरात आले आणि पॅकार्ड मोटार कंपनीत पॅटर्न मेकर म्हणून कामाला लागले.

पॅटर्न मेकरचे काम म्हणजे ओतीव भागांसाठी लाकडी नमुना घडविणे. हा नमुना वाळूत दाबून साचा तयार होतो आणि त्या साच्यात वितळलेला धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो. लाकूड हवेतील ओलाव्याने वाकू नये म्हणून एका मोठ्या तुकड्याऐवजी अनेक लहान तुकडे, त्यांच्या रेषांची दिशा पाहून, एकमेकांस चिकटवून नमुना बांधण्याचीही या व्यवसायात रीत आहे. लाकडाची रेषा ओळखणे, केसाइतक्या फरकाची दखल घेणे आणि सांधा नीट बसविणे ही कौशल्ये बेअर यांनी नोकरीत आत्मसात केली. पुढे धनुष्ये घडविताना हीच त्यांच्या कामी आली.

आर्थर यंग यांचा प्रभाव

१९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेअर यांनी डेट्रॉइटमधील एका चित्रपटगृहात ‘अलास्कन अ‍ॅडव्हेंचर्स’ हा मूकपट पाहिला. अलास्कात केवळ धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या आर्थर यंग यांच्या मोहिमेचे चित्रण त्यात होते. या चित्रपटाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे यंग डेट्रॉइटला आले असता दोघांची ओळख झाली आणि तिचे मैत्रीत रूपांतर झाले. यंग यांनी बेअर यांना धनुष्य कोरणे, बाण जुळविणे व प्रत्यंचा वळणे शिकविले. यातील बरेचसे शिक्षण बेअर यांच्या घराच्या तळघरातच झाले.

या शिक्षणामागे एक लहानशी पण लक्षणीय परंपरा होती. कॅलिफोर्नियातील याही या आदिवासी समाजाचा अखेरचा ज्ञात माणूस, इशी, १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ आढळला आणि त्यानंतरची वर्षे त्याने सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात काढली. तेथे सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाने त्याच्याकडून धनुष्य घडविण्याची व शिकारीची विद्या शिकून घेतली. १९१६ मध्ये इशीचा मृत्यू झाला. पोप यांनी १९२३ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि यंग हे त्यांचे शिकारीतील सोबती होते. पोप १९२६ मध्ये व यंग १९३५ मध्ये निवर्तले. अशा रीतीने स्वतःचा समाज गमावलेल्या एका माणसाच्या हातची विद्या दोन पायऱ्यांनी डेट्रॉइटच्या तळघरापर्यंत पोहोचली. इशीचे धनुष्य आणि बेअर यांनी पुढे केलेले धनुष्य यांत रचनेचे साम्य फारसे नाही. मात्र सावजाच्या जवळ जाण्यासाठी लागणारा संयम आणि आपले हत्यार आपणच घडविण्याचा आग्रह हा वारसा बेअर यांनी जपला.

तळघरातील कार्यशाळा

त्या काळी अमेरिकेत धनुष्य बहुधा एकाच लाकडी फळीतून कोरले जाई. ओसेज ऑरेंज आणि यू या वृक्षांचे लाकूड त्यासाठी उत्तम मानले जाते. ओसेज ऑरेंजच्या फळीवरून साल व बाहेरचे पांढरे लाकूड तासून टाकावे लागते. त्यानंतर वार्षिक वाढीच्या एकाच वलयाचा पृष्ठभाग धनुष्याच्या पाठीवर टोकापासून टोकापर्यंत अखंड राखावा लागतो. हे वलय कुठे तुटले, तर धनुष्य ताणताना त्याच ठिकाणी चीर पडण्याचा धोका असतो. फळीत गाठ असेल, रेषा वळलेली असेल किंवा लाकूड पुरते वाळलेले नसेल, तर कित्येक दिवसांची मेहनत क्षणात वाया जाते.

फळीला आकार देऊन झाल्यावर दोन्ही बाहू सारखे वाकतात की नाही, हे पाहण्याचे काम सर्वांत नाजूक असते. धनुष्य भिंतीवरील खुंटीवर किंवा खाचा पाडलेल्या दांडीवर बसवून दोरी थोडी थोडी ओढतात, कमान न्याहाळतात आणि जो भाग ताठ राहतो तेथील लाकूड पोटाच्या बाजूने कानशीने किंवा खरवडणीने काढतात. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. म्हणून घाई करणाऱ्याच्या हाती शेवटी मुलाला खेळायला द्यावे असे अशक्त धनुष्य उरते.

बेअर यांनी १९२९ मध्ये मिशिगन राज्यात धनुष्यबाणाने शिकारीस प्रारंभ केला. पहिले हरीण मिळण्यास त्यांना १९३५ साल उजाडावे लागले. या सहा वर्षांत धनुष्य, बाण, बाणाचे पाते आणि बोटांवरील चामडी संरक्षण यांपैकी प्रत्येक वस्तूतील उणीव त्यांनी प्रत्यक्ष रानात अनुभवली. त्यांच्या पुढील सुधारणांचा पाया या अपयशाच्या वर्षांत घातला गेला.

व्यवसायाचा आरंभ

पॅकार्ड सोडल्यानंतर बेअर मोटारींच्या जादा चाकांची आवरणे करणाऱ्या एका कारखान्यात काम करीत होते. १९३३ मध्ये तो कारखाना आगीत नष्ट झाला. महामंदीचा कहर चालू होता आणि डेट्रॉइटमध्ये नोकरी मिळणे दुरापास्त झाले होते. बेअर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स पायपर यांनी सुमारे ६०० डॉलरच्या भांडवलावर ‘बेअर प्रॉडक्ट्स’ हा व्यवसाय एका भाड्याच्या जागेत सुरू केला. मोटारकंपन्यांसाठी रेशमी जाळीच्या छपाईने जाहिरातीचे फलक तयार करणे हे त्यांचे मुख्य काम होते. त्याच जागेच्या एका कोपऱ्यात बेअर धनुष्ये, बाण व चामडी साहित्य तयार करीत. छपाईच्या उत्पन्नावर घर चाले आणि कोपऱ्यातील कामावर मन रमे.

मागणी वाढू लागल्यावर लाकूडकामात निष्णात असलेले नेल्स ग्रमली हे त्यांच्याकडे धनुष्यकार म्हणून रुजू झाले. या काळातील अनेक धनुष्यांवर कंपनीच्या नावाबरोबर ग्रमली यांचेही नाव ठसविलेले आढळते आणि संग्राहकांमध्ये आज त्यांना मोठी मागणी आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस छपाई आणि धनुर्विद्या ही दोन्ही अंगे विभक्त झाली आणि बेअर यांनी धनुर्विद्येचे अंग स्वतःकडे ठेवले.

ग्राहक निर्माण करणे ही त्या काळातील खरी अडचण होती. धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्यास स्वतंत्र हंगाम असल्याशिवाय धनुष्ये विकत कोण घेणार, हा प्रश्न होता. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये आणि मिशिगनने १९३७ मध्ये काही मोजक्या परगण्यांत असा हंगाम सुरू केला. बेअर यांनी क्रीडाप्रदर्शनांत नेमबाजीची प्रात्यक्षिके करून आणि आपल्या मोहिमांचे चित्रपट दाखवून या प्रकाराचा प्रचार चालू ठेवला. असे हंगाम पुढे इतर राज्यांतही सुरू होत गेले.

ग्रेलिंग येथे स्थलांतर

१९४७ मध्ये बेअर यांनी कंपनी डेट्रॉइटहून उत्तर मिशिगनमधील ग्रेलिंग या लहान गावी हलविली. ओ सेबल नदीच्या काठी असलेले हे गाव जंगलाने वेढलेले आहे. नवा कारखाना उभारण्यात बेअर यांची बरीच पुंजी खर्च झाली आणि आरंभीची वर्षे ओढाताणीची गेली. हाताने एकेक धनुष्य कोरून कारखान्याचा खर्च भागण्यासारखा नव्हता. धनुष्य यंत्राच्या साह्याने, एकसारख्या गुणवत्तेचे आणि कमी किमतीत करणे भाग होते. १९४८ मध्ये ग्रमली कंपनीतून बाहेर पडले आणि स्वतंत्रपणे धनुष्ये घडवू लागले. हातकामाच्या पर्वाचा तो एका अर्थाने शेवट होता.

थरांच्या धनुष्याचा विकास

अनेक द्रव्ये जोडून धनुष्य करण्याची कल्पना फार जुनी आहे. तुर्की, मोगल आणि मंगोल धनुर्धर लाकडाच्या गाभ्यावर पोटाच्या बाजूस शिंगाची पट्टी आणि पाठीच्या बाजूस जनावरांच्या स्नायूतंतूंचा थर सरसाने चिकटवीत. धनुष्य ओढल्यावर पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. स्नायूतंतू ताण सोसतात, तर शिंग दाब सोसते. लाकडाला दोन्ही बाजूंच्या पृष्ठभागांवरील कठोर भारापासून सुटका मिळते. मात्र असे धनुष्य तयार होण्यास महिनोन्‌महिने लागत आणि दमट हवेत सरस सैल पडत असे. विसाव्या शतकात कृत्रिम राळेवर आधारित, पाण्याला न बधणारे चिकटद्रव्य आणि काचतंतू उपलब्ध झाल्यावर या जुन्या तत्त्वाला नवी साधने मिळाली.

बेअर यांचा या दिशेचा प्रवास सरळ नव्हता. १९४९च्या सुमारास त्यांनी लाकडी थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि पाठीवर काचतंतूंचा थर अशी रचना बाजारात आणली. धनुष्ये वेगवान होती, परंतु धातू आणि लाकूड यांच्यातील सांधा वारंवार वाकण्याने सुटू लागला. विकलेली धनुष्ये तुटून परत येऊ लागली. नव्या कारखान्याचे ओझे डोक्यावर असताना हा मोठाच आघात होता. बेअर यांनी अ‍ॅल्युमिनियमचा त्याग केला. सर्व तंतू धनुष्याच्या लांबीच्या दिशेने, एकमेकांस समांतर असलेली काचतंतूंची पट्टी ते १९५१च्या सुमारास वापरू लागले. विणलेल्या काचकापडात निम्मे तंतू आडवे असतात आणि वाकताना त्यांचा उपयोग होत नाही. समांतर तंतूंच्या पट्टीत मात्र प्रत्येक तंतू भार उचलतो. मध्ये मेपल लाकडाचा गाभा, पाठीवर व पोटावर काचतंतू ही रचना त्यानंतर स्थिर झाली आणि बहुसंख्य धनुष्यकारांनी ती स्वीकारली.

बाहूंची टोके उलट दिशेला वळलेली आणि ओढताना ती वळणे उलगडत जाणारी धनुष्ये या रचनेमुळे टिकाऊ स्वरूपात करता येऊ लागली. ‘कोडियाक’, ‘ग्रिझली’ यांसारखे त्यांचे नमुने लोकप्रिय झाले. पुढे बाहू काढून ठेवता येतील असे सुटे होणारे धनुष्यही त्यांनी सिद्ध केले. धनुष्यालाच बसविण्याचा भाता, ‘रेझरहेड’ हे बदलत्या धारेचे बाणाचे पाते आणि नेमबाजाचे चामडी अंगुलित्राण यांसारख्या साहित्यातही त्यांनी सुधारणा घडवून आणल्या.

रचनेमागील तत्त्व

थरांच्या धनुष्याचे तत्त्व पुस्तकांच्या चळतीवरून समजते. सुट्या पानांची चळत सहज वाकते, कारण पाने एकमेकांवरून सरकतात. वाकलेल्या अवस्थेत सर्व पाने चिकटविली, तर सरकणे थांबते आणि तो बाक कायम राहतो. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचेही असेच होते. त्यांना चिकटद्रव्य लावून, हव्या त्या वळणाच्या साच्यावर दाबून धरले आणि उष्णता दिली की वाफ न देताही वळण पक्के होते.

पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो. म्हणून बाहूच्या जाडीतील अगदी सूक्ष्म फरकही धनुष्य ओढण्यास लागणाऱ्या बळात स्पष्ट जाणवतो. एकाच फळीच्या धनुष्यात हा फरक कानशीने दुरुस्त करतात. थरांच्या धनुष्यात पट्ट्या मुठीकडून टोकाकडे आधीच निमुळत्या तासून घेतात. कौशल्याचा भर अशा रीतीने शेवटच्या टप्प्यावरून पहिल्या टप्प्यावर येतो. बाहेरचे काचतंतू सर्वाधिक भार उचलतात, म्हणून ते पुढे फारसे घासता येत नाहीत. तोल साधण्यासाठी बाहूंच्या कडा किंचित घासून प्रत्यंचा मध्यावर आणतात.

सांधा हे या रचनेचे मर्मस्थान होय. पृष्ठभागावर बोटाचा तेलकट ठसा राहिला, थरांत हवेचा बुडबुडा अडकला किंवा शिकंजे अति आवळल्याने चिकटद्रव्य बाहेर पिळून गेले, तर धनुष्य आज ना उद्या तेथेच फुटते. बेअर यांच्या कारखान्यात दाब आणि उष्णता देणारी यंत्रे या कामासाठी बसविण्यात आली होती. त्यामुळे कारागिराच्या हातावर अवलंबून असलेली गोष्ट पद्धतीच्या आधारावर उभी राहिली.

शिकारमोहिमा आणि भारताशी संबंध

बेअर यांनी अलास्का, कॅनडा, आफ्रिका आणि भारत येथे शिकारमोहिमा केल्या. आपल्या कंपनीच्या साहित्याची ती कसोटीही होती आणि जाहिरातही. या मोहिमांचे चित्रपट अमेरिकेत गावोगावी दाखविले जात आणि दूरचित्रवाणीवरूनही त्यांचे दर्शन घडे. ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीत आधीच्या मोहिमा अयशस्वी ठरल्यानंतर १९६६ मध्ये त्यांना यश आले.

१९६३ मध्ये त्यांनी भारतात येऊन धनुष्यबाणाने वाघाची शिकार केली. त्या काळी परवाना घेऊन वाघाची शिकार करण्यास भारतात मुभा होती आणि परदेशी शिकाऱ्यांचा ओघ मोठा होता. वाघांची संख्या चिंताजनकरीत्या घटल्यावर ही शिकार बंद झाली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. बेअर यांच्या त्या मोहिमेकडे आज भारतीय वाचक कौतुकाने पाहू शकत नाही. तथापि त्यांच्या चरित्रातील ती एक वस्तुस्थिती आहे आणि त्या काळातील शिकारीच्या प्रथेचा एक पुरावाही आहे.

सावजाला निसटण्याची पुरेशी संधी द्यावी, कायद्याचे पालन करावे आणि वन्यजीवांच्या अधिवासाची जपणूक करावी, असा बेअर यांचा आग्रह असे. ‘फ्रेड बेअर स्पोर्ट्‌स क्लब’ या संस्थेमार्फत त्यांनी या विचारांचा प्रसार केला. शिकारीच्या मूळ प्रश्नावर मतभेद असणाऱ्यांकडून हा युक्तिवाद सर्वस्वी मान्य होणे शक्य नसले, तरी अमेरिकेतील शिकारीच्या आचारसंहितेवर त्याचा प्रभाव पडला.

लेखन आणि संग्रहालय

‘द आर्चर्स बायबल’ (१९६८), ‘फ्रेड बेअर्स फील्ड नोट्स’ (१९७६) आणि ‘फ्रेड बेअर्स वर्ल्ड ऑफ आर्चरी’ (१९७९) ही त्यांची पुस्तके होत. ‘फील्ड नोट्स’ या पुस्तकात मोहिमांच्या दैनंदिनी असून हवामान, वाट, चुकलेले नेम आणि हुकलेल्या संधी यांची प्रामाणिक नोंद आहे. जगभरातील धनुष्ये, बाण व संबंधित वस्तूंचा त्यांनी केलेला संग्रह ग्रेलिंग येथील संग्रहालयात मांडण्यात आला होता. पुढे तो गेन्सव्हिल येथे नेण्यात आला.

कंपनीची विक्री आणि अखेरची वर्षे

१९६८ मध्ये बेअर यांनी कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या उद्योगसमूहाला विकली. मालकी गेली तरी ते कंपनीचे प्रमुख म्हणून कार्यरत राहिले. १९७८ मध्ये ग्रेलिंगच्या कारखान्यात कामगारांचा संप झाला आणि त्यानंतर कारखाना फ्लोरिडा राज्यातील गेन्सव्हिल येथे हलविण्यात आला. तीन दशके ज्या कारखान्यावर ग्रेलिंगमधील अनेक घरांचा संसार चालला, तो गावातून गेला. उत्तरेच्या जंगलाशी आयुष्य जोडलेले बेअर वयाच्या पंच्याहत्तरीनंतर दक्षिणेत राहावयास गेले. उतारवयातही ते कंपनीच्या कामात लक्ष घालीत आणि भेटीस येणाऱ्या धनुर्धरांशी बोलत.

१९७२ मध्ये अमेरिकेतील धनुर्विद्येच्या ‘आर्चरी हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. २७ एप्रिल, १९८८ रोजी गेन्सव्हिल येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी मिशिगनमध्ये, ग्रेलिंगच्या परिसरातील ओ सेबल नदीकाठी विखुरण्यात आल्या.

वारसा

बेअर यांच्या उत्तरायुष्यात कप्पीच्या धनुष्याने शिकारीचे क्षेत्र व्यापले. तरीही थरांचे लाकडी धनुष्य मागे पडले नाही. आज अनेक हौशी कारागीर घरच्या कार्यशाळेत अशी धनुष्ये घडवितात. प्लायवूडच्या अनेक फळ्या जोडून कापलेला साचा, त्यावर दाब देण्यासाठी हवा भरलेली अग्निशमनाची कापडी नळी आणि उष्णतेसाठी आत विजेचे दिवे लावलेली पेटी एवढ्या साधनांवर हे काम होते. काचतंतू घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे आवश्यक असते.

तळघरातून निघालेले हे तंत्र कारखान्यात गेले आणि कारखान्याने सिद्ध केलेली पद्धत पुन्हा घरोघरच्या कार्यशाळांत परतली. मेपलच्या पट्ट्या आणि दोन बाजूंचे काचतंतू ही रचना आजही मूलतः १९५०च्या दशकातील ग्रेलिंगच्या रचनेसारखीच आहे. बेअर यांच्या नावाची कंपनी अद्याप धनुष्यनिर्मिती करीत असून तिच्या काही नमुन्यांची नावे त्यांनीच रूढ केलेली आहेत.